ग्रीक आणि लॅटिन विशेषनामांचा अर्थ कसा लावावा

‘ॲलेक्झांडर’, ‘प्लेटो’ या रूपांवरून अर्थ शोधायला बसू नका. आधी मूळ रूप मिळवा. ग्रीक नाव लॅटिनमध्ये गेलं की शेवटच्या ‘-ऑस’चा ‘-उस’ होतो आणि ‘-ऑन’मधला ‘न’ बहुधा गळतो. म्हणून होमेरुस दिसला तरी नाव ग्रीकच, होमेरॉस. आणि प्लेटो म्हणजे प्लातॉन, ‘प्लातिस’ म्हणजे रुंद या शब्दाशी जोडलं जाणारं नाव.

दुसरी पायरी षष्ठीची. ‘आनेर’ म्हणजे पुरुष, पण त्याची षष्ठी ‘आन्द्रॉस’, आणि समासात येतं ते हेच अंग: आलेक्सान्द्रॉस, म्हणजे पुरुषांचं रक्षण करणारा. नुसती प्रथमा पाहिली तर हा दुवा हातातून सुटतो. समासाच्या मध्ये आलेला ‘ह’सुद्धा गळतो. फिलिप्पॉसमधला ‘इप्पॉस’ कोशात सापडणार नाही. ‘हिप्पॉस’, म्हणजे घोडा, असा शोधा. लिडेल-स्कॉटच्या ग्रीक कोशात व्यक्तिनामं बहुतेक नाहीतच, त्यामुळे नावाचे तुकडे करूनच तो वापरावा लागतो. लॅटिनच्या लुईस-शॉर्ट कोशात मात्र विशेषनामं असतात. पर्सियस या डिजिटल ग्रंथालयात दोन्ही मोफत आहेत.

आता विग्रह. इथे शाळेत शिकलेले समास थेट कामाला येतात. फिलिप्पॉस हा बहुव्रीही: प्रिय आहेत घोडे ज्याला तो. क्लेओपात्रा: कीर्तिमान आहे पिता जिचा ती. थेओदोरॉस म्हणजे देवाचं दान, आपल्या देवदत्ताच्या अगदी जवळचं. हीच पदं उलटी लावून दोरोथेऑस होतो, अर्थ तोच.

सगळ्यात जास्त चुका पुढे होतात. पदांचे अर्थ बरोबर लागले म्हणजे जोडलेल्या नावालाही अर्थ असलाच पाहिजे, असं नाही. ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. 423 च्या ‘मेघ’ या प्रहसनात मुलाच्या नावावरून आईबापांचं भांडण होतं. श्रीमंत घरच्या आईला ‘हिप्पॉस’ असलेलं, क्सान्थिप्पॉससारखं नाव हवं. बापाला आजोबांवरून फेइदोनिदेस, ज्यात ‘फेइद-’ म्हणजे काटकसर. तडजोड होते ती फेइदिप्पिदेसवर! घोडे पाळणं म्हणजे उधळपट्टी, आणि त्याला काटकसर जोडलेली. ग्रीक घरांत आजोबांचं नाव नातवाला देण्याची, किंवा त्यातलं एखादं पद पुढे चालवण्याची रीत होती. म्हणून पदांचे अर्थ नोंदवा आणि ओढूनताणून वाक्य बनवू नका.

लॅटिनची रीत निराळी. रोमन वक्ता मार्कुस तुल्लिउस किकेरो (म्हणजे सिसरो) याच्या नावात पहिलं वैयक्तिक नाव, दुसरं कुळाचं, तिसरं उपनाम, आणि अर्थ उघड दिसतो तो बहुधा तिसऱ्यात. ‘किकेर’ म्हणजे हरभरा. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो की कुणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती. कवी ओविदिउसचं उपनाम नासो, मोठ्या नाकाचा. पहिल्या नावावर फार भिस्त ठेवू नये: क्विंटुस म्हणजे पाचवा, पण किकेरोचा धाकटा भाऊ क्विंटुसच होता आणि आपल्याला माहीत असलेले भाऊ हे दोघेच. मुलीला कुळाच्या नावाचं स्त्रीरूप मिळे, म्हणून किकेरोची मुलगी तुल्लिया. ‘-आनुस’ शेवट दिसला तर दत्तक तपासा. ऑक्ताविआनुस म्हणजे मूळचा ऑक्ताविउस कुळातला, दुसऱ्या कुळात दत्तक गेलेला. पण रोमन सम्राट वेस्पासिआनुसचं नाव आई वेस्पासियावरून आलं, त्यामुळे वंशावळ पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

काही नावं सोडवायचीच नसतात. होमेरॉसच्या महाकाव्यांतले नायक आखिल्लेउस (अकिलीस), ओदिस्सेउस यांच्या नावांची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. ‘ओदिसी’च्या 19व्या सर्गात ओदिस्सेउसचं नाव रागावण्याच्या क्रियापदाशी जोडलंय, तो कवीने लावलेला अर्थ म्हणून वेगळा नोंदवा. परकी नावंही ग्रीक वेशात येतात. सान्द्रॉकॉत्तॉसमध्ये ‘आन्द्रॉस’ शोधत बसाल तर फसाल. तो आपला चंद्रगुप्त मौर्य आहे.