तालुक्याच्या गावातला फ्लॅट: घोषणापत्र, अपार्टमेंट डीड आणि जमिनीतला हिस्सा

वरुड, पुसद, वणी, उमरेड, हिंगणघाट अशा गावांत लेआउटच्या एका-दोन प्लॉटवर खाली दुकानं आणि वर सहा-आठ फ्लॅट अशा इमारती आता सर्रास दिसतात. फ्लॅटची किल्ली मिळते, नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढतं आणि लोक निर्धास्त होतात. पण ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. फ्लॅट खऱ्या अर्थानं तुमचा होतो तो जमिनीतला अविभक्त, म्हणजे वेगळा न पाडलेला सामाईक, हिस्सा नोंदणीकृत दस्तानं तुमच्या नावे आल्यावर. तो आला आहे का हे कसं तपासायचं आणि नसेल तर काय करायचं, ते इथं दिलं आहे.

आधी जमीन बघा

गावठाणाबाहेरच्या लेआउटचा सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून काढा. नगर भूमापन झालेल्या भागात भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, घ्या. त्यात भूधारणेचा (आखीव पत्रिकेत सत्ताप्रकाराचा) रकाना, म्हणजे जमीन कोणत्या हक्कानं धारण केली आहे ते, आधी वाचा. भोगवटादार वर्ग 1, म्हणजे विकायला सरकारी अट नसलेली जमीन, असेल तर पुढे जा. वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झालेली विक्री अडचणीत येते. नझूलची, म्हणजे सरकारनं भाडेपट्ट्यानं दिलेली, जमीन असेल तर भाडेपट्ट्याची मुदत, नूतनीकरण आणि हस्तांतरणाची परवानगी ही तीन कागदं मागा. पट्टा संपलेला असला की बँक कर्ज देत नाही आणि फ्लॅट विकतानाही गाडी तिथंच अडते.

विदर्भात आणखी दोन गोष्टी तपासाव्याच लागतात. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ भागात मूळ सातबारा आदिवासी खातेदाराचा होता का, हे जुन्या फेरफारांवरून, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींवरून, कळतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे बिगर आदिवासीला झालेल्या हस्तांतरणाला परवानगी लागते. दुसरी भूदानाची, म्हणजे भूदान चळवळीत दान मिळालेली, जमीन. ती प्लॉट पाडून विकता येत नाही. म्हणून पटवाऱ्याकडून निदान 30 वर्षांचे फेरफार घ्या. आजच्या सातबाऱ्यावर नजर टाकून भागत नाही.

मग अकृषक (एनए) आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला दिलेली परवानगी, हे कागद बघा. ग्रामपंचायतीची ‘ना हरकत’ म्हणजे मंजूर नकाशा नव्हे. नकाशात दोन मजले आणि जागेवर तीन असले, तर वरच्या मजल्याचा फ्लॅट घेणारा सगळ्यात आधी अडचणीत येतो.

तुमच्या हातात नेमका कोणता दस्त आहे?

बयाण्याची चिठ्ठी, विक्रीचा करारनामा, विक्रीपत्र आणि अपार्टमेंट डीड हे चार वेगळे कागद आहेत. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुमच्या दस्ताचा सूची क्रमांक 2 (इंडेक्स 2, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढा आणि दस्ताचा प्रकार वाचा. फक्त करारनामा नोंदला असेल तर मालकी अजून जमीनमालकाकडे किंवा बिल्डरकडेच आहे.

महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा 1970 लागू व्हायला आधी घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशन, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. त्यानंतर प्रत्येकाचं अपार्टमेंट डीड, म्हणजे फ्लॅट आणि त्याचा जमिनीतला हिस्सा नावे करणारा दस्त, होतं. इमारतीत निदान पाच गाळे लागतात; गाळा म्हणजे इथं फ्लॅट किंवा दुकान. घोषणापत्राची प्रमाणित नक्कल प्रत्येक घरात असावी, कारण गच्ची कुणाची, पार्किंग कुणाचं, बोअर सामाईक आहे का, याची उत्तरं त्यातच असतात.

त्यात अविभक्त हिश्शाचा तक्ता स्वतः बेरीज करून बघा. कायद्यात आधार गाळ्याच्या किमतीचा आहे, पण दस्त लिहिणारे बहुधा क्षेत्रफळच धरतात. समजा 700 चौरस फुटांचे 8 फ्लॅट आणि 150 चौरस फुटांची 4 दुकानं आहेत. क्षेत्रफळानं एकूण 6,200. फ्लॅटचा हिस्सा 11.290 टक्के, दुकानाचा 2.419. रस्त्यावरच्या दुकानाचा दर फ्लॅटच्या दुप्पट धरला तर फ्लॅट 10.294 आणि दुकान 4.412 होतं. हा फरक पुढं दर महिन्याला भोवतो, कारण या कायद्यात सामाईक खर्च हिश्शाप्रमाणे वाटायचा असतो. महिन्याचा खर्च 12,000 असेल तर दुसऱ्या हिशोबात फ्लॅटला साधारण 1,235 आणि दुकानाला 529 रुपये येतात. सगळ्यांकडून सारखीच वर्गणी घेतली की दुकानदार हरकत घेतो, आणि ती हरकत कायद्याला धरून असते. दशांशाचे तीन आकडे ठेवा. दोनच ठेवले तर या दुसऱ्या हिशोबाची बेरीज 99.96 येते आणि उरलेला तुकडा कुणाचा, हा प्रश्न लोंबकळत राहतो.

टक्केवारी एकदा नोंदली की सगळ्या गाळेधारकांच्या संमतीनं दुरुस्त घोषणापत्र नोंदवल्याशिवाय बदलत नाही. त्यामुळे मसुदा नोंदणीआधीच वाचायला मागा. बिल्डरनं गच्ची आणि पुढच्या मजल्याचा हक्क स्वतःकडे ठेवल्याचं वाक्य बहुतेक वेळा शेवटच्या पानांत असतं. खांबांवरच्या स्टिल्ट पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये स्पष्ट केलं आहे. गच्चीवर मोबाइल टॉवर बसला आणि गच्ची सामाईक असली, तर त्याचं भाडंही हिश्शाप्रमाणे सगळ्यांचं.

घोषणापत्रच झालेलं नसेल तर

बरेचजण इथंच अडकतात. घोषणापत्रावर मिळकतीच्या सगळ्या मालकांच्या सह्या लागतात. आठ फ्लॅट विक्रीपत्रानं विकले गेले असतील तर आठही जण, शिवाय दुकानवाले. एक जण पुण्याला आणि एक परदेशात असला की वर्ष निघून जातं. बाहेरगावी असणाऱ्याकडून नोंदणीकृत मुखत्यारपत्र आधीच घेऊन ठेवा. सह्या जमणारच नसतील तर सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मार्ग बघा. तिला प्रत्येकाची सही लागत नाही. एका इमारतीवर दोन्ही व्यवस्था चालत नाहीत, म्हणून सभा घेऊन आधी ठरवा.

जमीनमालकाच्या किंवा बिल्डरच्या नावानं जमीन अडकली असेल आणि तो हस्तांतरण करत नसेल, तर मोफा (फ्लॅटच्या मालकीविषयीचा राज्याचा कायदा) 1963 च्या कलम 11 खाली मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे त्याच्या सहीशिवाय हस्तांतरण करून मिळण्याचा, अर्ज करा. तो जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जातो. नोंदणीकृत करारनामे आणि त्यांचे सूची क्रमांक 2, सातबारा किंवा आखीव पत्रिका, मंजूर नकाशा, गाळेधारकांची यादी आणि बिल्डरला दिलेल्या नोटिशीची पोच जोडा. निर्णय सहा महिन्यांत द्यायचा, असं कायदा सांगतो. आदेश मिळाला की काम संपलं असं समजू नका. दस्ताचं मुद्रांक मूल्यनिर्णय (किती मुद्रांक शुल्क लागेल ते ठरवून घेणं), नोंदणी आणि शेवटी अधिकार अभिलेखात नोंद, हे तिन्ही टप्पे पुरे करा.

अर्ज फसतो तो बहुतेकदा वारसांमुळे. शेतकऱ्यानं बिल्डरला विकसन करार आणि आममुखत्यारपत्र दिलेलं असतं, मग शेतकरी वारतो. मुखत्यारपत्र साधारणपणे त्याच्यासोबतच संपतं. अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर कागद करू नये. वारस फेरफारात मुलांसोबत मुलींचीही नावं बघा आणि सगळ्यांना प्रतिवादी करा. एखादी बहीण सुटली तर आदेशाला नंतर आव्हान मिळतं.

रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी आणि नियमन करणारा कायदा, याचा आधार प्रत्येक इमारतीला नसतो. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत असेल किंवा गाळे आठपर्यंत असतील तर प्रकल्पाला रेरा नोंदणीतून सूट आहे. आपल्या गावांतल्या बऱ्याच इमारती या मापाच्या आत बसतात. तिथं मोफा आणि ग्राहक आयोग हे मार्ग उरतात. नोंदणीकृत प्रकल्प असेल तर ताब्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामातला दोष बिल्डरनं फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. गळतीचा तारखेसह फोटो आणि लेखी पत्राची पोच जपून ठेवा.

जुना फ्लॅट घेताना अपार्टमेंटच्या व्यवस्थापकाकडून थकबाकीचा लेखी दाखला रजिस्ट्रीच्या आधी घ्या. थकलेल्या सामाईक खर्चाचा बोजा गाळ्यावर राहतो आणि तो विकणाऱ्यासोबत घेणाऱ्यालाही लागतो. सामाईक वीजमीटर अजून बिल्डरच्या नावे असेल, तर त्याचं चालू बिलही याच वेळी बघून घ्या.