शालेय मंत्रिमंडळ निवडलंत, आता त्याला काम द्या

जूनमध्ये शाळा उघडली की खानदेशातल्या कितीतरी शाळांत मंत्रिमंडळाची निवडणूक रंगते. मतपत्रिका, बोटाला शाई, कुठे मोबाइलचंच मतदान यंत्र. फोटो झकास येतात. पुढे मुख्यमंत्री खडू आणून देतो आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. तसं होऊ द्यायचं नसेल, तर क्रम असा ठेवा.

1. आधी काम ठरवा, मग पद. पाणीमंत्र्याने रोज सकाळी नळाला पाणी आहे का, तोटी गळते का, ते बघून वहीत लिहायचं. आहारमंत्र्याने खिचडी सगळ्यांना पुरली का ते विचारायचं, पण चुलीजवळ जायचं नाही. शिक्षा करणं, चुगल्या सांगणं हे कुणाचंच खातं नाही.

2. प्रचार परिपाठात, प्रत्येकी दोन मिनिटं. अहिराणीत बोलू द्या. ‘शायामा पानी नही’ (शाळेत पाणी नाही) म्हणणारी पोर प्रमाण भाषेत अडखळली, तर तिचं म्हणणं तिथेच संपतं. चॉकलेट वाटलं की अर्ज बाद. प्रत्येकाला दोन मतं द्या, एक मुलीला, एक मुलाला. आडोशाला कपाटाचं दार पुरतं.

3. शनिवारी वीस मिनिटं बैठक. प्रत्येकाने वर्गातली एकच अडचण आणायची. ती कोण बघणार आणि कधीपर्यंत, हे वहीत लिहायचं.

4. मुलांच्या हातातलं मुलांनी करावं, बाकीचं मुख्याध्यापकांकडे. नळ, स्वच्छतागृह असं मोठं काम शाळा व्यवस्थापन समितीपुढे न्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत किमान 75 टक्के पालक असतात, म्हणजे समोर बसलेले बहुतेक गावातलेच काका-मावश्या. तिथे गुरुजींनी बोलू नये, वही घेऊन मंत्र्यानेच उभं राहावं.

5. सोमवारी परिपाठात उत्तर सांगा. बहुतेक शाळा इथेच घसरतात. तोटी बसली तर ते सांगा. पैसे नाहीत म्हणून बसली नाही, तर तेही त्याच मंत्र्याच्या तोंडून सांगा. नकार पोरं पचवतात. काहीच कळलं नाही, की पुढच्या शनिवारी वही कोरी येते, आणि आपण म्हणतो, पोरांना काही अडचणच नाही!

आणि दिवाळीनंतर आईबापांसोबत एखादा मंत्रीच ऊसतोडीला गेला तर? पोटनिवडणूक घ्या. तो परतला की शनिवारच्या बैठकीत मात्र त्याला बसू द्या.