प्रेअरी डॉगची वसाहत कशी पाहावी

काळ्या शेपटीचे प्रेअरी डॉग, म्हणजे खारीच्या कुळातले बिळात राहणारे प्राणी, पाहायला अमेरिकेत साउथ डकोटाचं बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान उत्तम. तिथल्या सेज क्रीक रिम रोड या कच्च्या रस्त्यालगतच 'रॉबर्ट्स प्रेअरी डॉग टाउन' ही मोठी वसाहत आहे. डेन्व्हरकडे राहणाऱ्यांना इतकं लांब जायची गरज नाही. शहराजवळच्या रॉकी माउंटन आर्सेनल अभयारण्यातही हे प्राणी दिसतात.

मे-जूनमध्ये जा, तेव्हा पिल्लं बिळाबाहेर येऊ लागतात. उन्हाळ्यात भर दुपारी मंडळी बिळात शिरतात, म्हणून सकाळ किंवा उतरती दुपार गाठा. ही जात शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळे हिवाळ्यातही ऊन पडलं की काही जण बाहेर दिसतात.

गाडी रस्त्याकडेला, परवानगी असेल तिथेच थांबवा, इंजिन बंद करा आणि आतूनच दुर्बीण लावा. तुम्हाला पाहून भुंकल्यासारखा इशारा होईल आणि जो तो आपल्या बिळाकडे पळेल. निघू नका. गप्प बसलात तर थोड्या वेळात चरणं पुन्हा सुरू होतं, आणि खरं पाहणं तिथून पुढचं.

आता एकाच प्राण्यावर नजर खिळवू नका. कोण कोणाच्या तोंडाला तोंड लावतो ते बघा. एका कुटुंबातले प्राणी असे एकमेकांना ओळखतात. कुटुंबात बहुधा एक नर, काही माद्या आणि पिल्लं. दोघे समोरासमोर येऊन शेपट्या फुलवू लागले, तर समजा ती दोन घरांची हद्द. वहीत कच्चा नकाशा काढा, वसाहत हळूहळू उलगडते. मधूनच एखादा मागच्या पायांवर ताठ होतो, डोकं मागे टाकून ओरडतो आणि शेजारीपाजारी तसंच करू लागतात. हे चुकवू नका, फोटो राहिला तरी चालेल.

बिळांच्या तोंडाशी मातीचे उंचवटे असतात, काही बसके, काही विवरासारखे उंच. या उंचीच्या फरकामुळे वारा वाहताना बिळातली हवा खेळती राहते. मग गवताकडे वळा. वसाहतीत ते खुरटं, बाहेर उंच. शत्रू लांबून दिसावा म्हणून उंच गवत हे प्राणी न खाताही कुरतडून टाकतात. तिथे फुटणाऱ्या कोवळ्या गवतासाठी बायसन (अमेरिकेतले रानबैल) येतात, रिकाम्या बिळांत बिळात राहणारी घुबडं घरटी करतात. काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा लांबट शिकारी प्राणी तर जवळजवळ प्रेअरी डॉगवरच जगतो. तो नामशेष झाला असं मानलं जात होतं. 1981 मध्ये वायोमिंगात मीटीटसीजवळ एका कुत्र्याने मारलेला फेरेट सापडला आणि शोध पुन्हा सुरू झाला.

खायला काही टाकू नका, शेंगदाणासुद्धा नाही. बायसनपासून किमान 90 मीटर लांब राहा. बिळात हात घालू नका, तिथे रॅटलस्नेक हा विषारी साप असू शकतो. उंचवट्यावर बसू नका आणि मेलेल्या प्राण्याला शिवू नका, कारण पिसवांमधून प्लेग पसरतो. त्यात अख्खी वसाहत संपू शकते. म्हणून मेलेले प्राणी पडलेले दिसले किंवा गजबजलेली वसाहत अचानक ओस पडलेली आढळली, तर तिथल्या रेंजरला लगेच कळवा.