वाचक कट्ट्यावर पहिल्यांदा जाताना

वाचनालयात वर्षानुवर्षं पुस्तक बदलायला जाणाऱ्या कितीतरी सभासदांना ठाऊक नसतं, की त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा दहा-पंधरा माणसं एकाच पुस्तकावर तासभर बोलत बसतात. या गटांची जाहिरात नसते, आणि नावंही प्रत्येक ठिकाणी निराळी. कुठे वाचक कट्टा, कुठे वाचक मंच, कुठे नुसतं 'पुस्तक चर्चा'. अशा गटात शिरायचं असेल तर काय काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी गट शोधा

सुरुवात सूचना फलकापासून करा. नवीन पुस्तकांची यादी, सुट्टीची सूचना आणि दिवाळी अंक योजनेचा कागद यांच्या मधे कुठेतरी हाताने लिहिलेली चिठ्ठी असते. नसली तर विचारा, पण संध्याकाळी साडेसहाला नको. तेव्हा काउंटरवर रांग असते आणि 'असेल काहीतरी, चौकशी करा' एवढंच उत्तर मिळतं. सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि थेट ग्रंथपालांना भेटा.

विचारायचा प्रश्न एकच: "सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं असतं का?" उत्तर 'हो' असेल तर तुम्ही योग्य जागी आहात. 'नाही, तज्ज्ञ व्यक्ती येऊन बोलते' असं उत्तर आलं तर ते व्याख्यान आहे. व्याख्यानं वाईट नसतात, पण आपल्याकडे एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं ही सवय फार मुरलेली आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, तेव्हापासून खुर्च्या एकाच दिशेला तोंड करून मांडलेल्या आहेत. त्यामुळे फलकावर 'चर्चा' लिहिलेलं असलं तरी आत पन्नास मिनिटं भाषण आणि दहा मिनिटं प्रश्न असा प्रकार बऱ्याचदा निघतो. अभिवाचन, पुस्तक प्रकाशन, परीक्षण स्पर्धा हेही वेगळे कार्यक्रम. पुस्तक भिशी हा मात्र जवळचा नातेवाईक: दरमहा ठरावीक पैसे जमवून पुस्तकं घ्यायची आणि आपापसांत फिरवायची. भिशी बहुधा कुणाच्या तरी घरी भरते, तिचा पत्ताही ग्रंथपालांनाच माहीत असतो.

वाचनालय कोणतं निवडावं? रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं. अशा जुन्या संस्था जवळ असतील तर भाग्यच. पण गटाच्या बाबतीत वाचनालयाचं वय किंवा आकार फारसा उपयोगी पडत नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिलेले असतात. उत्साही ग्रंथपाल असलेलं 'क' वर्गातलं वाचनालय मला मरगळलेल्या 'अ' वर्गापेक्षा केव्हाही बरं वाटतं. चालत जाता येईल असं निवडा, कारण पावसाळ्यात दोन बस बदलून कुणी चर्चेला जात नाही. गावात नवीन असाल तर जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात मान्यताप्राप्त ग्रंथालयांची यादी मिळते.

सभासद व्हा

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो, अनामत आणि वर्गणी. काही ठिकाणी जुन्या सभासदाची शिफारस म्हणून सही लागते. अनामत परत मिळते, तेव्हा तिची पावती जपून ठेवा. एका वेळी दोन पुस्तकं देणारी वर्गणी असेल तर तीच घ्या. गटाचं पुस्तक एका खात्यावर अडकून राहतं आणि दुसरं काहीच वाचायला उरत नाही. गटात बसायला सभासदत्व सक्तीचं आहे का, हेही विचारा. पहिल्या एक-दोन वेळा बाहेरच्यांना बहुतेक गट बसू देतात.

पहिल्या वेळी नुसतं बसा

पुस्तक वाचलेलं नसलं तरी चालेल, पण तसं सांगून बसा. किती जणांच्या हातात पुस्तक आहे ते बघा. लांबण लावणाऱ्याला थांबवणारं कुणी आहे का, तेही बघा. तासाभरात दोनच माणसं बोलली असतील तर पुढच्या वेळी दुसरा गट शोधा.

पुस्तक मिळवा

खरी अडचण इथे आहे, आणि गट मोडतात तेही इथेच. साधारण वाचनालय एका पुस्तकाच्या एक-दोन प्रती घेतं. गटात पंधरा जण आणि हातात तीस दिवस असले, तर दोन प्रतींच्या हिशेबाने प्रत्येकाच्या वाट्याला चार दिवस येतात. नोकरी करणाऱ्याने चार दिवसांत चारशे पानांची कादंबरी संपवायची म्हणजे रात्री जागणं आलं. म्हणून समंजस गट दोन महिने पुढची पुस्तकं ठरवून ठेवतात. तुम्ही सामील झालात की 'यंदाचं कोणतं' हे विचारण्याआधी 'त्याच्या पुढचं कोणतं' ते विचारा आणि त्याला नंबर लावा. नंबर तोंडी लावू नका, वहीत नाव लिहिल्याचं डोळ्यांनी पाहा.

ग्रंथपालांना गटातर्फे विनंती केली तर एक प्रत महिनाभर वाचन कक्षातच ठेवता येते, म्हणजे ज्याला जमेल त्याने तिथे बसून वाचावं. आणखी एक रस्ता म्हणजे पाच-सहा जणांनी मिळून प्रती विकत घेणं. प्रदर्शनात किंवा थेट प्रकाशकाकडे एकगठ्ठा घेतल्या तर बऱ्यापैकी सवलत मिळते. चर्चा झाल्यावर त्यातली एक वाचनालयाला भेट द्या, ग्रंथपाल गट विसरत नाहीत. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स मात्र काढू नका. ते बेकायदेशीर आहे, आणि मराठी पुस्तकाची आवृत्ती किती लहान असते हे पाहता लेखक-प्रकाशकाच्या पोटावर पायही.

जुन्या पुस्तकांना ही अडचण नसते. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क आपल्याकडे त्याच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, मग ते सर्वांसाठी मोकळं होतं. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कादंबऱ्या केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत. मराठी विकिस्रोतावर अशी काही जुनी पुस्तकं फुकट वाचता येतात. फोनवर किंवा ऐकून पुस्तक संपवणाऱ्यांनी प्रकरणाचा क्रमांक टिपून ठेवावा. आवृत्ती बदलली की पानं बदलतात, आणि 'पान १४२ काढा' म्हटल्यावर निम्मी मंडळी चाचपडत बसतात.

वाचनालयाच्या प्रतीत पेन्सिलनेही खुणा करू नका, कागदाच्या बारीक चिठ्ठ्या घाला आणि परत करताना काढा. वाचून झालं की त्याच दिवशी परत द्या. 'आठवणीत ताजं राहावं' म्हणून चर्चेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत प्रत घरी ठेवणारा सभासद प्रत्येक गटात एक तरी असतो. तो तुम्ही होऊ नका.

वाचताना

गोष्ट लक्षात ठेवायची गरज नाही, ती सगळ्यांनीच वाचलेली असते. जिथे थांबावंसं वाटलं आणि जिथे लेखकाचं पटलं नाही, एवढ्याच जागा टिपा. तीन-चार पुरतात. पुस्तक पूर्ण झालं नाही तरी जा, फक्त 'शेवट सांगू नका हं' असा हट्ट धरू नका. शेवटावर न बोलता कादंबरीची चर्चा होत नाही.

बोलताना

"पुस्तक फार आवडलं. लेखकाने समाजाचं वास्तव अतिशय प्रभावीपणे मांडलंय." हे वाक्य कुठल्याही पुस्तकाला चालतं, म्हणून ते न बोललेलं बरं. त्याऐवजी असं काही बोला: "आई घर सोडते त्या प्रकरणात लेखक तिला एक वाक्यसुद्धा बोलू देत नाही. मला ते खटकलं. तुम्हाला?" एक जागा, एक मत, एक प्रश्न. लगेच कुणीतरी पुस्तक उघडून ती जागा शोधू लागतं आणि चर्चा सुरू होते. नवीन माणसाने हे पहिल्या पंधरा मिनिटांतच करावं. उशीर केला की घसा बसतो, आणि तुम्हाला सुचलेलं दुसरंच कुणी बोलून मोकळं होतं.

संध्याकाळी पाचच्या गटात निवृत्त मंडळी जास्त असतात. आत्मचरित्र असलं की गाडी हमखास 'आमच्या वेळी'च्या रुळावर जाते. त्यातल्या काही आठवणी पुस्तकापेक्षाही सुरस निघतात, त्या ऐकाव्यात. पण वीस मिनिटं झाली की कुणीतरी पुस्तकाकडे वळवायला हवं, आणि ते काम नवीन माणसाला जास्त सहज जमतं: "काका, तुम्ही सांगताय तसा अनुभव या पुस्तकात कुठे दिसला तुम्हाला?" मान राहतो आणि पुस्तक परत येतं. मत जुळत नसेल तर "मला जरा वेगळं वाटलं, सांगू का?" एवढं पुरतं. 'तुमचं चुकतंय' म्हणण्याची वेळ क्वचितच येते. तुम्ही पंचविशीतले असाल तर तिसऱ्या मिनिटाला 'आता तरुण पिढीचं मत ऐकू या' असं कुणीतरी म्हणणारच. पिढीचं मत देऊ नका, स्वतःचं द्या.

दलित आत्मकथनं किंवा ग्रामीण कादंबऱ्या निघतात तेव्हा शहरी गटांत एक गोष्ट वारंवार दिसते. 'भाषा किती रांगडी', 'वाचून डोळ्यांत पाणी आलं' यापलीकडे बोलणं जात नाही. लेखकाने काय वगळलं, काळ कसा मागेपुढे केला, विनोद कुठे केला, हे प्रश्न या पुस्तकांनाही विचारायला हवेत. ते टाळणं म्हणजे आदर करणं नव्हे, लेखक म्हणून त्याला कमी लेखणं आहे. आणि खोलीतलं कुणी तसं आयुष्य जगलेलं असेल, तर साक्ष मागितल्यासारखं सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहू नये. बोलायचं की नाही, ते तोच ठरवेल.

नंतर

चहाची वर्गणी द्या, खुर्च्या रचायला हात लावा. गटाच्या व्हॉट्सॲपवर सकाळची शुभेच्छापत्रं पाठवू नका. स्वतःचं पुस्तक सुचवायची घाई नको, दोन-तीन बैठका होऊ द्या. सुचवाल तेव्हा पानं किती, किंमत किती आणि वाचनालयात प्रती किती हे शोधूनच सुचवा. 'फार छान आहे'पेक्षा 'दोनशे दहा पानं, कपाटात दोन प्रती' या माहितीवर पुस्तक लवकर मंजूर होतं.

गटच नसेल तर

मग सुरू करा. चार माणसं पुरेत. मान्यताप्राप्त वाचनालय बहुधा नोंदणीकृत संस्था चालवते, म्हणून परवानगी एकट्या ग्रंथपालांच्या हातात नसते. कार्यकारिणीच्या बैठकीत विषय यावा लागतो. अर्ज कार्यवाहांच्या नावे करा. त्यात महिन्यातला ठरावीक वार, दीड तासासाठी खोली आणि फलकावर जागा एवढंच मागा. पैसे मागितले की विषय पुढच्या बैठकीवर जातो. प्रत्येक चर्चेचा चार ओळींचा वृत्तांत लिहून देऊ, असं मात्र जरूर लिहा. वाचनालयांना वार्षिक अहवालात उपक्रम दाखवायचे असतात, आणि ते लिहून देणारं माणूस सहसा मिळत नाही.

पहिल्या बैठकीसाठी १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन सुचवा. त्या दिवशी वाचनालयाला काहीतरी कार्यक्रम करायचाच असतो, त्यामुळे होकार लवकर येतो. पुस्तक दीडशे पानांच्या आतलं घ्या. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर तारीख घालून पोच घ्या.