रानातलं पिल्लू कोणत्या पक्ष्याचं, हे ओळखायचं कसं

मे-जूनमध्ये उजाडता उजाडता गोव्यातल्या बोंडल्याच्या रानात शिरा. दुर्बीण, मळकट रंगाचे कपडे आणि पाऊस लागला असेल तर जळवांसाठी लांब मोजे घ्या.

आधी कान द्या. थोड्या थोड्या वेळाने येणारी एकसुरी, चिरकी हाक बहुधा भुकेल्या पिल्लाची असते. आवाजाकडे धावू नका, आहात तिथेच थांबा. आखूड शेपटी, विस्कटलेली पिसं, चोचीच्या कोपऱ्यात जाडसर पिवळी कड दिसली की ते पिल्लूच.

पण कोणाचं? इथे मी कितीतरी पावसाळे अडलो. ‘पुस्तकातल्या चित्राशी रंग ताडून पाहा’ हा सल्ला साफ चुकीचा आहे, कारण चित्र बहुतेक वेळा मोठ्या पक्ष्याचं असतं. एकदा कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेला एका आळ्यात एक तपकिरी, खवलेदार छातीचा पक्षी बसला होता. तासभर मी पुस्तकातली माशीमार पक्ष्यांची पानं उलटत राहिलो. शेवटी काळापांढरा दयाळ किडा घेऊन आला आणि त्याने तो त्या उघड्या चोचीत कोंबला. मग कुठे पिल्लाच्या पंखावरची पांढरी पट्टी माझ्या नजरेत भरली. ती पहिल्यापासून तिथेच होती. शिपाई बुलबुलाच्या पिल्लाला तर डोळ्यामागचा लाल ठिपकाच नसतो, आणि बुडाखालीही लालऐवजी फिकट नारिंगी असतं. म्हणून रंग शेवटी पाहा. चोचीची ठेवण, बसण्याची ढब पाहा आणि भरवणाऱ्याची वाट पाहा. वीस पावलं मागे सरून अर्धा तास बसायची तयारी हवी. तुम्ही जवळ असाल तर आई-बाप चारा चोचीत धरून नुसते ओरडत राहतात आणि पिल्लू उपाशी राहतं.

यातही एक फसगत आहे. सातभाई ज्याला भरवतात ते कधी कधी पावशाचं पोर असतं, कारण पावशा कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. शेपटीवर आडवे पट्टे दिसले तर भरवणाऱ्यावरून नाव ठरवू नका.

मोबाइलवर पक्ष्यांचा आवाज वाजवून त्यांना बोलावणं या दिवसांत अजिबात नको. आई-बाप चारा सोडून त्या खोट्या घुसखोराला हाकलायला धावतात.

वाटेवर बसलेलं पिल्लू बहुधा टाकून दिलेलं नसतं, ते घरी नेऊ नका. पायाखाली येण्यासारखं असेल तर अलगद उचलून शेजारच्या झुडपात ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, हे खरं नाही. तुम्ही लांब गेलात की ती येते.