वादग्रस्त सायन्स टॉपिकवर थिसिस स्टेटमेंट लिहिताय? या चुका टाळा

टॉपिक वादाचा मिळाला की वाटतं, चला, भांडण आहेच, आता थिसिस स्टेटमेंट, म्हणजे निबंधाचा मुख्य दावा सांगणारं वाक्य, आपोआप दमदार होणार. तसं काही होत नाही, उलट बरेच ड्राफ्ट पहिल्याच वाक्यात गडबडतात.

"या निबंधात मी जीन एडिटिंगचे फायदे-तोटे सांगणार आहे." ही झाली अनुक्रमणिका, यात दावा कुठाय? (जीन एडिटिंग म्हणजे जनुकांत मुद्दाम बदल करणं.) "जीन एडिटिंग हा वादग्रस्त विषय आहे" हेही तसलंच, माहितीये की सगळ्यांना. एखादा शहाणा माणूस तुमचं वाक्य वाचून "छे, मला नाही पटत" म्हणू शकतो का बघा, नसेल म्हणू शकत तर परत लिहा.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे संपलेल्या वादाला चालू वाद समजणं. लस आणि ऑटिझमचंच घ्या. 1998 मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा, लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला, त्यात अभ्यासलेली मुलं फक्त 12, आणि 2010 मध्ये जर्नलने तो मागे घेतला, त्याच वर्षी वेकफिल्डचं डॉक्टर म्हणून रजिस्ट्रेशनही गेलं. त्यानंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले, संबंध काही सापडला नाही. त्यामुळे "लशींमुळे ऑटिझम होतो का, दोन्ही बाजूंत तथ्य आहे" असं लिहिलंत तर ते बॅलन्स्ड वगैरे दिसत नाही, अभ्यास कच्चा दिसतो. लोक भांडतायत म्हणजे शास्त्रज्ञ भांडतायत असं नसतं ना. याच विषयात खरा वाद हवा असेल तर "शाळाप्रवेशासाठी लस सक्तीची असावी का" हा घ्या, तिथे पुराव्यासोबत पालकांचा हक्क, इतर मुलांची सुरक्षा असं सगळं येतं आणि दोन्हीकडे बोलायला जागा आहे.

यालाच लागून अजून एक, फॅक्टवरून थेट "म्हणून असंच केलं पाहिजे" वर उडी मारणं. कोळशाच्या तुलनेत अणुऊर्जेत विजेच्या युनिटमागे मृत्यू खूपच कमी आहेत, हे खरंय. तरी जर्मनीने एप्रिल 2023 मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या आणि शेजारचा फ्रान्स बहुतेक वीज अणुऊर्जेवरच बनवतो. विज्ञान दोघांना तेच लागू, पण खर्च, कचरा, भीती यांना वजन वेगवेगळं दिलंय. मधला हा दुवा थिसिसमध्ये दिसायला हवा, म्हणजे "कारण" च्या पुढे काहीतरी ठोस पाहिजे.

आता "जीन एडिटिंग धोकादायक आहे" हे वाक्य दुरुस्त करू. कुठलं एडिटिंग? 2023 मध्ये ब्रिटनने सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी क्रिस्परवर (जीन एडिटिंगचं एक तंत्र) आधारित उपचार मंजूर केला, त्यात पेशंटच्याच पेशी बदलतात, आणि 2018 मध्ये चीनच्या हे जियानकुईने जाहीर केलं ते भ्रूणातलं एडिटिंग, म्हणजे दोन्ही एका पोत्यात भरून चालणार नाही. मग असं लिहिता येईल: "पेशंटच्या शरीरातल्या पेशी एडिट करायला परवानगी असावी, पण भ्रूणात बदल करून मूल जन्माला घालण्यावर सध्या बंदीच हवी, कारण तिथली चूक पुढच्या पिढ्यांत जाते आणि त्यांची संमती घेताच येत नाही." लांब आहे, असू दे.

शब्दांचं म्हणाल तर "सिद्ध झालंय" आणि "शास्त्रज्ञ म्हणतात" काढून टाका, आणि "कदाचित काही प्रमाणात" सुद्धा.

आणि पहिलं स्टेटमेंट कच्चंच धरा, पुरावे वाचताना ते बदललं तर इंट्रो आणि हेडिंगही बदलायला विसरू नका, तिथे जुनाच दावा हमखास राहून जातो.