ओला पाय, कोरडा दांडा: जिमी कार्टर यांच्या वळणाची खुर्ची

जानेवारी 1981 मध्ये व्हाइट हाउस सोडताना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर 56 वर्षांचे होते. सहकारी त्यांना निरोपाची भेट म्हणून जीप द्यायच्या बेतात होते. कार्टर यांनी त्याऐवजी सुतारकामाची हत्यारं मागून घेतली, जॉर्जियातल्या प्लेन्स गावच्या घरी गॅरेजमध्ये कारखाना थाटला आणि पुढे शंभराहून जास्त वस्तू बनवल्या. त्यातल्या कितीतरी त्यांच्या कार्टर सेंटर या समाजसेवी संस्थेच्या मदतीसाठी लिलावात विकल्या गेल्या. 2006 साली, ब्याऐंशीव्या वर्षी, लोणावळ्याजवळच्या पाटण गावात घरबांधणीच्या मोहिमेवर ते आले होते, तेव्हाही हातात हातोडा होताच.

त्यांच्या कामातला शिकण्यासारखा प्रकार म्हणजे ताज्या तोडलेल्या, ओल्या लाकडाची शिडीपाठीची खुर्ची, म्हणजे जिच्या पाठीला शिडीसारख्या आडव्या पट्ट्या असतात ती. अमेरिकेच्या डोंगराळ भागातली ही जुनी रीत आहे. खिळा नाही, स्क्रू नाही, फेव्हिकॉल लावलाच तर मनाच्या समाधानासाठी. सांधा धरतो तो एकाच गोष्टीवर: खुर्चीचे पाय जरा ओले असताना त्यात खडखडीत वाळलेले आडवे दांडे ठोकायचे. पाय वाळताना आकसतात, दांडे हवेतली ओल घेऊन किंचित फुगतात, आणि भोक दांड्याला आवळतं. पुढचं सगळं मोजमाप यासाठीच आहे.

लाकूड. तिकडे हिकरी किंवा व्हाइट ओक घेतात. आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात आधी साग येतो, पण या कामाला तो उपयोगाचा नाही. साग फार हलत, म्हणजे आकसत-फुगत, नाही म्हणून तर दारं-खिडक्यांना घेतात, आणि इथे आकसणारंच लाकूड हवं. कुऱ्हाडीच्या दांड्याला, गाडीच्या चाकाला लागणारी बाभूळ बघा. दहा-बारा इंच व्यासाचा, चार फूट लांब, गाठ नसलेला ओंडका लागतो. झाड तोडायची परवानगी वगैरे आधी बघून घ्या. तोडल्या दिवशीच दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट फासा, नाहीतर टोकं आधी वाळून आठवड्यात तडकतात.

ओंडका करवतीने चिरायचा नाही, फोडायचा. पाचर ठोकून दोन, चार, आठ फाका करा. फाळणी लाकडाच्या धाग्याने जाते, त्यामुळे प्रत्येक दांड्यात धागा टोकापासून टोकापर्यंत सलग राहतो. करवत धागा तिरका कापते, आणि असा दांडा कधीतरी नेमका सांध्याशीच मोडतो. फाक पिळवटून निघाली तर तो ओंडका चुलीला द्या, त्यावर मेहनत घालू नका.

मापं सुतारी हिशेबात, म्हणजे इंच आणि सूत, आठ सुतांचा एक इंच. पुढचे दोन पाय 18 इंच, मागचे दोन 36 इंच, जाडी सगळ्यांची 1 इंच 3 सूत. आडवे दांडे बारा: पुढे तीन 17 इंची, मागे तीन साडेतेरा इंची, दोन्ही बाजूंना मिळून सहा 15 इंची. चौदा करा, दोन वाया जातातच. भोक 5 सूत व्यासाचं, बरोबर एक इंच खोल. पायात पलीकडे 3 सुतांची भिंत उरते. गिरमिटाच्या पात्याला एक इंचावर चिकटपट्टी गुंडाळा. अंदाजाने भोक पाडणाऱ्याचं पातं पलीकडून बाहेर निघतं.

दांडे आधी करायचे. ओले असतानाच वाकसाने आणि रंध्याने 6 सुतांपर्यंत उतरवा, टोकं जाडच ठेवा, कारण वाळताना ती बारीक होणार आणि गोलाची अंडाकृती होणार. मग वाळवण. एप्रिल-मे असेल तर पत्र्याच्या पेटीत झाकण जरा उघडं ठेवून गच्चीवर उन्हात. इतर वेळी त्याच पेटीत शंभर वॉटचा पिवळा बल्ब, दांड्यांपासून वीतभर लांब, आणि वर-खाली हवेला भोकं. बल्ब लावून पेटी बंद खोलीत सोडून जाऊ नका. वाळले की नाही हे हाताला कळत नाही. स्वयंपाकघरातला काटा घ्या, चार दांड्यांवर नंबर टाका आणि रोज वजन लिहा. सलग तीन दिवस एक ग्रॅमही उतरलं नाही की झालं. साधारण दोन-तीन आठवडे लागतात. इथे घाई केली की वर्षभरात खुर्ची कुरकुरायला लागते, आणि अशा खुर्चीला दुरुस्ती नाही. पुन्हा सोडवूनच बसवावी लागते.

वाळल्यावर टोकाचा एक इंच, म्हणजे कुसू, गोल करा. एखाद्या कोरड्या, टणक तुकड्यात 5 सुताचं भोक पाडून ते माप म्हणून वापरा. कुसू हाताने पिळून जेमतेम शिरला आणि बाहेर काढल्यावर त्याच्यावर चकाकी दिसली तर बरोबर. भोकापेक्षा पाव मिलिमीटर जाड हवा. हाताने सरळ आत गेला तर बारीक झालाय, तो दांडा बाद. टोकाची कड जराशी मारा, म्हणजे ठोकताना भोकाची कड सोलवटणार नाही. तयार दांडे लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. कोकणात पावसाळ्यात ते उघड्यावर राहिले तर एका रात्रीत फुगतात आणि मोजमाप फुकट जातं. जोडणी उन्हाळ्यातच उरकलेली बरी.

पाय घडवल्यावर सावलीत दोन आठवडे. अगदी ओले पाय घेतले तर पुढे आकसताना ते कोरड्या कुसवावर तडकतात, फार वाळले तर पकड बसत नाही. भोक पाडताना भुसा गालाला लावून बघा: गार लागला पण ओलसर चिकटला नाही, तर वेळ योग्य. मागच्या पायांना पाठीच्या तीन पट्ट्यांसाठी 2 सूत रुंदीच्या खाचा पटाशीने आत्ताच काढा. पट्ट्या 2 सूत जाड, अडीच-तीन इंच रुंद. लांब परातीत किंवा पत्र्याच्या पन्हाळीत चाळीस मिनिटं उकळायच्या, बाहेर काढल्यावर अर्ध्या मिनिटात साच्यावर वाकवून शिकंजा लावायचा आणि आठवडाभर तशाच सोडायच्या. वाकवताना मोडली तर बहुतेक वेळा त्या जागी धागा तिरका असतो.

जोडणी एका बैठकीत. आधी मागची चौकट: दोन पाय, तीन दांडे, तीन पट्ट्या. मग पुढची. दांड्याच्या टोकावर वार्षिक वलयांच्या रेघा दिसतात, त्या आडव्या ठेवा. लाकूड वलयाच्या दिशेने जास्त हलतं, आणि ती हालचाल आडवी असली की पायाबरोबर जुळते. उभी ठेवली तर पाय त्या दिशेने आकसतच नाही आणि कुसू हळूहळू ढिला पडतो. शिकंजा नसेल तर लाकडी हातोडा चालेल. शेवटच्या सुताला ठोक्याचा आवाज बदलून ठणक येतो, तिथे थांबा.

आता यातली सगळ्यात हुशार गोष्ट. दोन्ही चौकटी तयार झाल्यावरच बाजूच्या दांड्यांची भोकं पाडायची, आणि ती आधीच्या भोकांना अर्ध्या सुताने छेदतील अशी. म्हणजे वर-खाली दोन भोकांच्या मध्यबिंदूंमध्ये साडेचार सुतांचं अंतर. गिरमिट आत बसलेल्या कुसवाचा बारीक काप काढतं आणि बाजूचा दांडा तिथे कुलुपासारखा अडकतो. त्यानंतर चौकटीतला दांडा बाहेर येऊच शकत नाही. बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद असल्यामुळे ही भोकं काटकोनात नसतात: पुढच्या चौकटीशी 83 अंश, मागच्या चौकटीशी 97. पुठ्ठ्याचा कोन कापून जवळ ठेवा. नुसत्या डोळ्यावर भरवसा ठेवला की खुर्ची पिळते.

हे सगळं अंगण असलेल्याचं काम. ज्याचा पाय घरात टिकत नाही त्याने रॉड स्टुअर्ट यांचा मार्ग धरावा. या ब्रिटिश रॉक गायकाने 23 वर्षं खपून 1940 च्या दशकातल्या अमेरिकन शहराचा रेल्वे देखावा उभा केला, 1:87 प्रमाणात. 2019 मध्ये तो जगासमोर आला. दौऱ्यावर असताना इमारती बनवायला ते हॉटेलात वेगळी खोली घेत. या प्रमाणात दहा फुटांचा मजला 35 मिलिमीटरचा होतो, रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतरावर. नवशिक्याची चूक म्हणजे सगळं कोरं करकरीत ठेवणं. काळा-तपकिरी ॲक्रिलिक रंग दहापट पाण्यात, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून, देखाव्यातल्या फुटपाथवर सोडा आणि मिनिटभराने कापडाने टिपा: फटींत मळ राहतो, वर लादी दिसते. विजेची जोडणी येत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या, स्टुअर्ट यांनीही तसंच केलं.

खुर्चीकडे परत. बैठक तिकडे हिकरीच्या आतल्या सालीने विणतात. आपली बाज विणायची सुती नवार उत्तम, पण रुंद नको, एक इंची घ्या. साधारण 23 मीटर लागते. आधी मागून पुढे सलग गुंडाळा, मग आडवी दोन वर-दोन खाली, खालच्या बाजूनेही तशीच. पुढचे दोन त्रिकोणी कोपरे रिकामे राहतात, तिथे तुकडे घालून टोकं खाली टाचा. नवार ताणताना मात्र पूर्ण जोर लावू नका: पुढचे सहा आठवडे पाय वाळत असतात, आणि तोवर खुर्ची उन्हात किंवा पंख्याच्या थेट वाऱ्यात ठेवली की एकच बाजू आधी आकसून पाय उभा चिरतो.